द्रवांमधला विसरण गुणांक संहतीनुसार कसा बदलतो ते मोजताना : ठाणे–नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

एम.एस्सी.च्या किंवा केमिकल इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी विसरण गुणांक (डिफ्यूजन कोइफिशंट, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्यात किती वेगाने पसरतो त्याचं माप) मोजायला बसलेले बहुतेक जण एकच आकडा शोधत असतात. हँडबुकात साखरेपुढे एक आकडा, मिठापुढे एक आकडा. आपल्यालाही तसाच एक मिळाला की झालं. पण द्रवांच्या मिश्रणात असा एक आकडा नसतोच, असते ती वक्ररेषा. पोटॅशियम क्लोराइडचंच बघा. २५ अंश सेल्सिअसला अगदी पातळ द्रावणात त्याचा गुणांक १.९९३, पुढे ०.२ ते ०.३ मोलरच्या आसपास तो १.८३८ पर्यंत उतरतो, १ मोलरला १.८९२ वर येतो आणि ३ मोलरला २.११२ होतो. आधी उतार, मग चढ. म्हणून या कामात पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळा: वहीत गुणांकाचा आकडा लिहिला की तो कोणत्या दोन संहतींच्या (कॉन्सन्ट्रेशनच्या) दरम्यान आणि कोणत्या तापमानाला मिळाला, हे त्याच ओळीत लिहायचं. हे नसेल तर आकडा कितीही अचूक असो, दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही.

वरचे सगळे आकडे ज्या एककात आहेत ते आधी ठरवून घेऊ. दर सेकंदाला ०.००१ चौरस मिलिमीटर, म्हणजेच एक चौरस मीटरचा अब्जावा भाग. याला पुढे नुसतं ‘एकक’ म्हणू. पाण्यासारख्या द्रवात लहान रेणूंचा गुणांक साधारण ०.५ ते २ एकक असतो. आकडा इतका लहान असल्यामुळेच हे प्रयोग दिवसांच्या हिशेबात चालतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. फिकने १८५५ साली मांडलेल्या नियमात जो गुणांक येतो तो परस्पर विसरणाचा: संहतीत फरक असताना दोन घटक एकमेकांत किती वेगाने मिसळतात त्याचं माप. एनएमआरने मिळतो तो स्वयं-विसरणाचा, म्हणजे संहती सगळीकडे सारखी असताना एकेक रेणू किती भटकतो त्याचा. अगदी पातळ द्रावणात विरघळलेल्या पदार्थाच्या बाबतीत हे दोन्ही एकत्र येतात (क्षारासारखा आयनांत विभागणारा पदार्थ नसेल तर), एरवी नाही. तुमच्या मोजमापाची तुलना एनएमआरच्या आकड्यांशी करून ‘जुळत नाही’ म्हणत बसू नका.

पद्धत कोणती घ्यायची

नवख्यांनी डायफ्रॅम सेल घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन कप्पे, मध्ये सिंटर्ड काचेची सच्छिद्र चकती. खालच्या कप्प्यात जड द्रावण, वरच्यात हलकं. विसरण फक्त चकतीच्या छिद्रांमधून होतं आणि दोन्ही कप्पे सतत ढवळलेले असतात. दोन थरांच्या सीमेवर लेझरचा प्रकाश किती वळतो ते मोजायच्या पद्धती फार सुंदर आहेत आणि वेगवानही. पण त्यात सीमा उघडी असते. लॅब ठाणे–बेलापूर रोडला लागून असेल किंवा रेल्वेलाइनजवळ असेल तर जमिनीचा कंप ती सीमा बिघडवायला पुरेसा असतो. डायफ्रॅम सेलला ट्रकचा काही फरक पडत नाही, कारण त्यात द्रव मुद्दामच ढवळलेला असतो.

दुसरी चांगली पद्धत टेलर डिस्पर्शनची. जुनी एचपीएलसी (द्रव-क्रोमॅटोग्राफीचं यंत्र) हाताशी असेल तर ती बघा. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

सेल करून घेणं

जी-४ ग्रेडची चकती घ्या, छिद्रं १० ते १६ मायक्रॉनची, व्यास ३० मिमी, जाडी ३ मिमीच्या आसपास. जी-३ घेऊ नका: छिद्रं मोठी असली की दाबातल्या किंचित फरकानेही द्रव आरपार वाहतो आणि तुम्ही विसरणाऐवजी गळती मोजत बसता. ग्लास ब्लोअरकडून चकतीच्या दोन्ही बाजूंना बोरोसिलिकेटचे साधारण ५० मिलीचे कप्पे जोडून घ्या. खालच्या कप्प्याला टेफ्लॉनचा कॉक हवा, ग्रीस लागणारा काचेचा नको. ग्रीस छिद्रांत गेलं की ते निघत नाही. तयार सिंटर्ड फनेल प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानांत मिळतात. अशा फनेललाच खालून कप्पा जोडून घेतला तर खर्च बराच वाचतो.

ढवळण्यासाठी दोन्ही कप्प्यांत काचेत बंद केलेल्या लोखंडी तारेची कांडी ठेवतात. वरची कांडी द्रवापेक्षा जड, म्हणजे ती चकतीवर टेकते. खालची पोकळ आणि हलकी, म्हणजे ती तरंगून चकतीला खालून टेकते. बाहेरून चुंबक फिरवायचा, मिनिटाला ६० ते ८० फेरे. ही रचना ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १९५० च्या सुमारास रूढ केली आणि अजूनही तिच्याहून सोपी रचना आमच्या माहितीत नाही. चकतीला टेकून फिरण्यात मर्म आहे. कांडी दूर राहिली तर चकतीलगत स्थिर द्रवाचा पातळ थर उरतो आणि तो थर चकतीची जाडी वाढल्यासारखा वागतो. वेग पुरेसा आहे का, हे तपासायला तोच प्रयोग दुप्पट वेगाने करा. उत्तर बदललं तर आधीचा वेग कमी होता.

कप्प्यांचं आकारमान पाणी भरून, वजन करून काढा (२५ अंशाला पाण्याची घनता ०.९९७० ग्रॅम/मिली). चकतीच्या छिद्रांचं आकारमानही हवं. सेल कोरडा तोलायचा, मग चकती भिजवून कप्पे निथळून परत तोलायचा. ३० मिमी × ३ मिमीच्या चकतीत साधारण ०.८ मिली पाणी मावतं.

तापमान : इथल्या हवेचा खरा त्रास

पाण्यातल्या द्रावणांचा गुणांक दर अंशाला २ ते २.५ टक्के वाढतो. म्हणजे बाथ अर्ध्या अंशाने हलला की एक टक्क्याहून अधिक चूक तिथेच झाली. बाथ २५.० वर ०.०५ अंशाच्या आत राहायला हवा.

आता ठाण्यात मे महिन्यात खोली ३३-३४ अंशांवर असते. साध्या थर्मोस्टॅट बाथमध्ये फक्त हीटर असतो. तो पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोली ३३ वर असताना २५ चा आकडा लावून ठेवला तर हीटर बंदच राहतो आणि बाथ हळूहळू खोलीच्या तापमानाला जातो. डिस्प्लेवर सेट केलेला २५ बघून समाधान मानणारे बरेच असतात. उपाय दोन. चिलर असलेला सर्क्युलेटर घ्या, नाहीतर एसी खोली २२-२३ अंशांवर ठेवून हीटरला २५ राखू द्या. दुसरा उपाय स्वस्त आणि उत्तम चालतो, फक्त एसीचा झोत बाथवर थेट येऊ देऊ नका. प्रयोग थेट ३५ अंशांना करायचा मोह होतो. तो टाळा, कारण पडताळणीचे जवळजवळ सगळे विश्वासार्ह आकडे २५ अंशांचे आहेत.

पावसाळ्यात वेगळंच. जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या वर जातो. म्हणजे २५ अंशांवरची कोणतीही काच बाथमधून बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरतं. सेल, पिपेट, पिक्नोमीटर (घनता मोजायची काचेची बाटली), सगळं ओलं. वजनं एसी खोलीतच करा.

क्षाराचंही तसंच आहे. पोटॅशियम क्लोराइड २५ अंशाला ८४ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ओलांडली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. कोरड्या गावात हा क्षार बिनधास्त उघडा तोलता येतो. पावसाळ्यात नवी मुंबईत नाही. ११० अंशांवर दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच तोला.

वीज गेली तर ढवळणं आणि बाथ दोन्ही थांबतात. एमआयडीसीत देखभालीसाठी वीज कोणत्या वारी बंद असते हे विचारून प्रयोग लावा आणि चुंबकाच्या मोटरला तरी यूपीएस द्या. ढवळणं तासभर थांबलं तर तो प्रयोग रद्द धरा, दुरुस्तीचं गणित करत बसू नका.

सेलचा स्थिरांक काढणं

चकतीच्या छिद्रांचं खरं क्षेत्रफळ आणि खरी लांबी मोजता येत नाही. म्हणून ज्याचा गुणांक पक्का माहीत आहे अशा द्रावणाने सेलचा स्थिरांक काढतात: खाली ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, वर शुद्ध पाणी. या जोडीचा सरासरी गुणांक २५ अंशाला १.८७ एकक धरायचा. ०.१ मोलरसाठी एका लिटरमध्ये ७.४५५ ग्रॅम क्षार लागतो. याहून फार पातळ, म्हणजे ०.०५ मोलरच्या खाली जाऊ नका. तिथे काचेच्या पृष्ठभागालगत आयनांची वेगळी वाहतूक होते आणि स्थिरांक फसवा येतो.

१. डबल डिस्टिल्ड पाणी दहा मिनिटं उकळून झाकून थंड करा. विरघळलेली हवा गेली पाहिजे. गार खोलीतलं न उकळलेलं पाणी बाथमध्ये गरम झालं की हवेचे बुडबुडे चकतीतच सुटतात, आणि बंद झालेली छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत.

२. हेच पाणी व्हॅक्यूमने चकतीतून ओढा. मागून टॉर्च धरून बघा: भिजलेली चकती सगळीकडे सारखी अर्धपारदर्शक दिसते, हवा अडकलेला भाग पांढरट ठिपक्यासारखा उठून दिसतो. ठिपका दिसेनासा होईपर्यंत पुढे जाऊ नका. या पायरीवर वेळ घालवा. फसलेल्या प्रयोगांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

३. क्षाराचं द्रावण चकतीतून तीनदा ओढून खालचा कप्पा भरा आणि एकही बुडबुडा न ठेवता कॉक बंद करा. खालचा कप्पा पूर्ण भरलेला आणि बंद असेल तर चकतीतून द्रव वाहायला जागाच उरत नाही. जड द्रावण खालीच हवं. उलट केलंत तर घनतेमुळे ते छिद्रांतून खाली ओघळतं आणि गुणांक कितीतरी पट मोठा दिसतो.

४. वरचा कप्पा धुऊन पाण्याने भरा, सेल बाथमध्ये ठेवा, ढवळणं सुरू करा. ही पूर्वतयारी, अजून मोजणी नाही. छिद्रांमध्ये संहतीचा सरळ उतार तयार व्हायला वेळ लागतो. किती, तर चकतीच्या जाडीचा वर्ग भागिले गुणांक, गुणिले १.२. तीन मिमीच्या चकतीला आणि १.८७ एककाला हे सुमारे १.६ तास येतं. दोन तास द्या. साखरेला सहा तास लागतात.

५. वरचं पाणी सिरिंजने पूर्ण काढून टाका, बाथमध्येच ठेवलेल्या ताज्या पाण्याने दोनदा पटकन खंगाळा, पुन्हा भरा आणि घड्याळ सुरू करा. वरचा कप्पा सैल झाकणाने झाका.

६. साधारण ५० तासांनी थांबवा. आधी वरचं द्रावण काढा, मग खालचं. दोन्ही स्वच्छ, कोरड्या, बंद बाटल्यांत.

किती वेळ चालवायचं याला नेमकं कारण आहे. संहतीतला फरक जेमतेम दहा टक्के कमी झाल्यावर थांबलात, तर मोजणीतली ०.१ टक्के चूक गुणांकात दीड टक्का होते. फरक निम्म्यावर येऊ दिलात तर तीच चूक ०.३ टक्क्यावर राहते. म्हणून निम्म्यापर्यंत थांबा.

हिशेब

समजा वरचा कप्पा ५२.० मिली, खालचा ५१.४, चकतीतलं ०.८. शेवटी खाली ०.०७३९ मोलर, वर ०.०२४५ मोलर मिळालं. खालची सुरुवातीची संहती वेगळी मोजायची गरज नाही, कारण पूर्वतयारीत ती थोडी उतरलेली असते आणि जमाखर्चातून नेमकी काढता येते. चकतीतलं निम्मं आकारमान प्रत्येक बाजूला मोजा: वर ५२.४, खाली ५१.८. मग सुरुवातीची खालची संहती = ०.०७३९ + ०.०२४५ × (५२.४ ÷ ५१.८) = ०.०९८७. वर सुरुवातीला शून्य होतं, म्हणून सुरुवातीचा फरक ०.०९८७, शेवटचा ०.०४९४.

नियम असा: सेलचा स्थिरांक × गुणांक × सेकंद = (सुरुवातीचा फरक ÷ शेवटचा फरक) याचा नैसर्गिक लॉगॅरिथम. इथे लॉगॅरिथम ०.६९२ येतो, वेळ १,८०,००० सेकंद, गुणांक ०.००१८७ चौ.मिमी दर सेकंद. स्थिरांक येतो ०.००२०६, दर चौ.मिमी. निदान तीन वेळा काढा. तिन्ही आकडे अर्ध्या टक्क्यात बसले नाहीत तर एकतर चकतीत हवा अडकलेली आहे किंवा ढवळणं बिघडलेलं आहे.

क्षाराची संहती चालकतेने मोजणं सगळ्यात सोपं. पण चालकता संहतीच्या सरळ प्रमाणात नसते: ०.०१ मोलरला १.४१३ मिलिसीमेन्स दर सेंमी, ०.१ मोलरला मात्र १४.१ नव्हे तर १२.९. एका बिंदूवरून सरळ रेषा ओढलीत तर नऊ टक्क्यांची चूक निश्चित. स्वतःची पाच-सहा प्रमाण द्रावणं करून वक्र काढा, आणि नमुना व प्रमाण द्रावण दोन्ही त्याच बाथमध्ये मोजा.

स्थिरांक कायमचा नसतो. कांड्या चकती घासतात, जाडी कमी होत जाते. चार-पाच प्रयोगांनंतर पुन्हा काढायचा.

आता वक्ररेषा

इथून खरं काम सुरू होतं. प्रत्येक प्रयोगातून मिळणारा आकडा एका संहतीचा नसतो, दोन संहतींच्या दरम्यानच्या गुणांकांची ती सरासरी असते. ही दोन टोकं कोणती? खालच्या कप्प्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या संहतीची सरासरी हे एक टोक. वरच्या कप्प्याची तशीच सरासरी हे दुसरं. खाली साखरेचं ६ ग्रॅम/१०० मिली द्रावण आणि वर पाणी अशा प्रयोगात फरक निम्मा झाला तर खाली ६ वरून ४.५, वर ० वरून १.५, म्हणजे टोकं ५.२५ आणि ०.७५, मध्य ३.

आपला सेल नीट चालतो का, हे पाहायला हाच प्रयोग करा. गोस्टिंग आणि मॉरिस यांनी १९४९ साली पातळ साखरेसाठी २५ अंशाला दिलेलं सूत्र आजही प्रमाण मानतात: ०.५२२६ × (१ − ०.०१४८ × संहती), संहती ग्रॅम/१०० मिलीत. ३ ग्रॅमला ०.४९९ एकक यायला हवा. हा प्रयोग आठवडाभर चालतो, कारण साखर क्षाराच्या चौपट सावकाश जाते. इतके दिवस साखरेचं द्रावण आपल्या हवेत म्हणजे बुरशीला आमंत्रण. सेल आणि कांड्या उकळत्या पाण्याने खंगाळून घ्या, पाणी ताजं उकळलेलंच वापरा, आणि शेवटी द्रावण जरा जरी गढूळ दिसलं किंवा आंबूस वास आला तर आकडा टाकून द्या.

साखर रिफ्रॅक्टोमीटरने (अपवर्तनांक मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावी असं सगळ्यांनाच वाटतं. हिशेब करून बघा. ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर ०.०००१ वाचता येतं, म्हणजे साखरेचे ०.०७ टक्के. सहाच्या फरकावर ही चूक एक टक्क्याहून जास्त. गुणांकात साडेतीन ते चार टक्के. आणि साखरेचा गुणांक ० ते ६ ग्रॅममध्ये बदलतोच मुळी नऊ टक्के! तुम्हाला जो बदल मोजायचा आहे त्याच्या जवळपास निम्मी चूक उपकरणातच बसली. याउलट २५ मिलीचा पिक्नोमीटर आणि दहा-हजारांश ग्रॅम दाखवणारा तराजू असेल, आणि वजन एका मिलिग्रॅमपर्यंत परत-परत तेच येत असेल, तर साखर ०.०१ ग्रॅम/१०० मिलीपर्यंत कळते. सात पट चांगलं, आणि उपकरण कितीतरी स्वस्त.

पिक्नोमीटरलाही शिस्त लागते. बाथमध्ये वीस मिनिटं, केशनळीच्या टोकाशी द्रव पुसून घेणं, मग बाहेर. २९ अंशांच्या खोलीत आणलात तर आतला द्रव चार अंशांनी तापून सुमारे २६ मिलिग्रॅम केशनळीतून वर येतो. तो पुसून टाकलात की वजन गेलं. टोपीचा पिक्नोमीटर घ्या आणि एकदा बाहेर काढल्यावर टोक पुसू नका.

वक्र सौम्य असेल, साखर-पाण्यासारखी, तर प्रत्येक प्रयोगाचा आकडा मधल्या संहतीला मांडला तरी चालतं. वाकडी असेल तर चालत नाही. तेव्हा असं करा. गुणांक = अ + ब × संहती + क × संहतीचा वर्ग, असं रूप धरा. प्रत्येक प्रयोगासाठी या रूपाची दोन टोकांमधली सरासरी काढा: संहतीच्या जागी टोकांच्या बेरजेची निमपट, आणि वर्गाच्या जागी (पहिल्याचा वर्ग + दोघांचा गुणाकार + दुसऱ्याचा वर्ग) ÷ ३. मोजलेल्या आकड्यांशी ही सरासरी जुळेल असे अ, ब, क स्प्रेडशीटमध्ये लीस्ट स्क्वेअरने काढा. तीन अज्ञातांसाठी किमान सहा प्रयोग हवेत. तीन प्रयोगांत तीन गुणक बसवले तर वक्र प्रत्येक चुकीतूनही गुळगुळीत जाते आणि काहीच कळत नाही. क्षारांच्या पातळ भागासाठी संहतीच्या वर्गमुळाचं पद घाला, नाहीतर शून्याजवळचा तीव्र उतार पकडला जात नाही.

टोकं एकमेकांजवळ ठेवली, उदाहरणार्थ खाली २ मोलर आणि वर १ मोलर, तर सरासरी जवळजवळ १.५ मोलरच्याच गुणांकाएवढी येते (पोटॅशियम क्लोराइडला १.९४). पण फरक जितका लहान, तितकी मोजणीची चूक मोठी. किती जवळ जायचं हे तुमच्या घनता-मापनाची अचूकता ठरवते.

इथेनॉल-पाणी : आवडतं आणि फसवं

प्रोजेक्टसाठी सगळे हेच मिश्रण निवडतात आणि ते योग्यही आहे, कारण बदल प्रचंड आहे. २५ अंशाला दोन्ही टोकांना गुणांक १.२ एककाच्या आसपास, आणि मध्ये, इथेनॉलचा मोल-अंश पाव ते ०.३ असताना, तो ०.४ च्या जवळ उतरतो. तिथे मिश्रण आदर्श वर्तनापासून सगळ्यात लांब गेलेलं असतं, रेणू एकमेकांच्या सहवासात रेंगाळतात. म्हणूनच पूर्ण पाणी विरुद्ध पूर्ण इथेनॉल असा प्रयोग लावू नका: येणारा आकडा कोणत्याच मिश्रणाचा नसतो. टोकांमध्ये वजनाने पाच-सात टक्क्यांहून जास्त अंतर नको, आणि पाणी जास्त असलेलं, म्हणजे जड मिश्रण खाली.

इथे रिफ्रॅक्टोमीटर अजिबात नको. इथेनॉल-पाण्याचा अपवर्तनांक वाढत जाऊन वजनाने ७५-८० टक्के इथेनॉलजवळ कमाल होतो आणि मग उतरतो, त्यामुळे एका वाचनाला दोन मिश्रणं बसतात. घनताच वापरा. बाष्पीभवन टाळायला वरचा कप्पाही जवळजवळ बंद ठेवा, फक्त केशनळीएवढी वाट मोकळी. महाराष्ट्रात ॲब्सोल्यूट अल्कोहोल उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावरच मिळतं. आपल्या कॉलेजच्या स्टोअरमधून अर्ज आधी टाका. ते जमत नसेल तर आयसोप्रोपेनॉल-पाणी घ्या, वक्र त्याच स्वभावाची आहे.

चकती धुणं

साखरेनंतर लगेच गरम पाणी उलट दिशेने ओढा. साखर छिद्रांत वाळली तर दोन दिवस जातात. महिन्यातून एकदा कोमट नायट्रिक ॲसिड, मग भरपूर पाणी. क्रोमिक ॲसिड नको, क्रोमियम छिद्रांना चिकटून राहतं. गरम अल्कली काच खाते आणि स्थिरांक बदलते.

जुनी एचपीएलसी असेल तर

रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये जुने पंप आणि आरआय (अपवर्तनांक मोजणारे) डिटेक्टर असतात. कॉलेजला असा संच मिळाला तर टेलर डिस्पर्शन (टेलर १९५३, आरिस १९५६) एका दिवसात अनेक संहती देतं. ठराविक संहतीचं मिश्रण लांब, बारीक नळीतून संथ वाहू द्यायचं आणि त्यात किंचित वेगळ्या संहतीचा थेंब सोडायचा. थेंब पसरून बाहेर येतो तेव्हा त्याचं शिखर जितकं अरुंद, तितका गुणांक मोठा. सूत्र: गुणांक = त्रिज्येचा वर्ग × बाहेर येण्याची वेळ ÷ (२४ × शिखराचा व्हेरिअन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग). इथे मिळणारा गुणांक त्या वाहत्या मिश्रणाच्याच संहतीचा असतो, सरासरीचा घोळ नाही. म्हणून वक्र काढायला ही पद्धत डायफ्रॅम सेलपेक्षा सरस आहे.

नळी १५ मीटर, आतला व्यास ०.५ मिमी, ४० सेंमी व्यासाच्या गुंडाळीत. प्रवाह मिनिटाला ०.०५ मिली. थेंब सुमारे ५९ मिनिटांनी बाहेर येतो, आणि गुणांक १.२४ असेल तर शिखराचं प्रमाण विचलन ८६ सेकंद. प्रवाह ०.१ वर नेऊन वेळ वाचवायचा मोह आवरा: गुंडाळीत वळणामुळे आडवे प्रवाह उठतात, थेंब कमी पसरतो आणि गुणांक खोटा मोठा दिसतो. ०.१ वर हा परिणाम मर्यादेशी येऊन ठेपतो, साखरेसारख्या संथ पदार्थाला तर ओलांडतोच.

त्रिज्या सूत्रात वर्गात येते, म्हणून नळीवर छापलेल्या व्यासावर विसंबू नका. नळी कोरडी आणि पाण्याने भरलेली तोलून सरासरी त्रिज्या काढा; १५ मीटरमध्ये सुमारे २.९ ग्रॅम पाणी मावायला हवं. इंजेक्शनचा लूप १० मायक्रोलिटरचा घ्या. २० चा घेतलात तर लूपच्याच लांबीमुळे व्हेरिअन्समध्ये ०.६ टक्क्यांहून जास्त भर पडते. आणि इथेनॉल-पाण्यात ७५-८० टक्क्यांच्या पट्ट्यात आरआय डिटेक्टरवर शिखर जवळजवळ नाहीसं झालं किंवा दुभंगलं, तर पंप किंवा डिटेक्टर उघडायला घेऊ नका: तिथे अपवर्तनांक संहतीबरोबर बदलतच नाही. त्या पट्ट्यातले दोन-तीन बिंदू डायफ्रॅम सेलने घनता मोजून भरून काढा.